जिताडा, कोरल ट्राउट आणि परत सोडायचा मासा

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडमध्ये, केर्न्सच्या आसपास, धरणाच्या गोड्या पाण्यात जिताडा आणि बाहेर समुद्रात ग्रेट बॅरियर रीफवरचे मासे गरवायला जाण्याचा बेत आम्ही जूनमध्ये आखायला घेतला आणि तो सप्टेंबरच्या अखेरीस पार पडला. मधले तीन महिने कोणता गळ घ्यावा आणि कोणते ल्युअर (कृत्रिम आमिष) घ्यावे यात जातील असे वाटले होते. प्रत्यक्षात ते कुठे, कधी आणि कोणता मासा धरायला परवानगी आहे, हे समजून घेण्यात गेले. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या आणि रायगडच्या खाडीकाठी लहानाची मोठी झालेल्या मला गळ नवा नव्हता, पण हाती लागलेल्या माशांपैकी बहुतेक परत सोडावे लागणार आहेत आणि ते जिवंत राहतील अशा बेताने सोडण्याची तयारी आधीपासून करावी लागते, ही गोष्ट मात्र पूर्णपणे नवी होती. हे लिहिण्याचे कारण तेच आहे, कारण साहित्याच्या दुकानांत आणि चित्रफितींत माशाला वर कसे काढावे हे भरपूर सांगितले जाते, त्यानंतरचे फारसे कोणी सांगत नाही.

पहिला प्रश्न परवान्याचा होता. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, हौशी मासेमारीसाठी, मग ती नदीवर असो की समुद्रावर, परवाना लागतो आणि तो माझ्याकडे होता. क्वीन्सलँडमध्ये असा सरसकट परवानाच नाही. समुद्रात, खाडीत आणि बहुतेक नद्यांत गळाने मासे धरण्यासाठी काहीही काढावे लागत नाही. अपवाद आहे तो ज्या धरणांत माशांची पिल्ले मुद्दाम सोडली जातात त्यांचा. तिथे अठरा वर्षांवरील प्रत्येकाला वेगळा परवाना घ्यावा लागतो आणि त्याच्या शुल्कातला मोठा वाटा पुन्हा पिल्ले सोडण्याच्या कामाला जातो. आम्हाला ज्या टिनारू धरणावर जायचे होते ते या यादीत आहे. आम्ही घेतला तेव्हा आठवड्याचा परवाना दहा डॉलरच्या आसपास आणि वर्षाचा पन्नासच्या थोडा वर होता. तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरून घरबसल्या मिळतो. त्याची प्रत फोनमध्ये साठवून ठेवावी आणि एक कागदावरही छापून घ्यावी, कारण धरणाच्या आतल्या वळणांवर फोनला रेंज नसते. आम्हाला बोटीच्या उतारावर मत्स्य विभागाचे अधिकारी भेटले तेव्हा त्यांनी सर्वप्रथम हा परवानाच मागितला.

दुसरा प्रश्न तारखांचा होता आणि त्याने आमचा मूळ बेत मोडला. आम्हाला दिवाळीला जोडून सुट्टी घ्यायची होती. पण रीफवरचे बरेचसे मासे तिथल्या वसंत ऋतूत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, अमावास्येच्या आसपास अंडी घालतात, म्हणून क्वीन्सलँडमध्ये दर वर्षी या काळातल्या दोन अमावास्यांच्या भोवती पाच-पाच दिवस त्यांच्या मासेमारीवर बंदी असते, आणि त्यांतली एक बंदी नेमकी लक्ष्मीपूजनाच्या सुमारास येते. आपली तिथी आणि त्यांचा नियम दोन्ही चंद्रावरच चालत असल्यामुळे हा योग पुन्हा पुन्हा जुळून येणार, हे दिनदर्शिका समोर ठेवल्यावर लक्षात आले. सुरमईला उत्तरेकडच्या पाण्यात त्याच दिवसांत याहून लांब बंदी असते. पूर्व किनाऱ्यावरच्या नद्या-खाड्यांमध्ये जिताड्याची बंदी १ नोव्हेंबरच्या दुपारपासून १ फेब्रुवारीच्या दुपारपर्यंत चालते. टिनारूसारख्या धरणांना मात्र ही बंदी लागू नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल. अमावास्येवर ठरणाऱ्या बंदीच्या नेमक्या तारखा दर वर्षी बदलतात, त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या तारखा सरकारी संकेतस्थळावर पाहाव्यात.

सप्टेंबर ठरवताना वाऱ्याचाही विचार करावा लागला. एप्रिलपासून पुढे बरेच महिने तिथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि ते जोरात असले की छोट्या बोटी बाहेरच्या रीफपर्यंत जातच नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये समुद्र सहसा शांत होत जातो, पण तेव्हा बंदीचे दिवस आडवे येतात आणि त्यानंतर विषारी बॉक्स जेलीफिशचा मोसमही सुरू होतो. सप्टेंबरची अखेर ही या सगळ्यांमधली तडजोड होती. धरणाच्या दृष्टीने ती फारशी आदर्श नव्हती, कारण समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरहून उंचावर असलेल्या टिनारूचे पाणी हिवाळ्यानंतर सावकाश तापते आणि थंड पाण्यात जिताडा सुस्त असतो. रीफच्या बोटीची जागा जुलैमध्येच राखून ठेवली, माणशी तीनशे डॉलरहून थोडे अधिक देऊन. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर दुसरा दिवस मिळेल का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून लेखी घेतले. त्याच कारणाने रीफचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवला, म्हणजे पुढे ढकलला गेला तरी हाताशी दिवस उरतात. तो ढकलला गेलाच.

तिसरी गोष्ट नकाशाची. ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यान सुमारे ३,४४,४०० चौरस किलोमीटरचे आहे आणि १ जुलै २००४ पासून त्याची रंगांनुसार विभागणी अमलात आहे. हिरव्या पट्ट्यांत, जे एकूण क्षेत्राच्या सुमारे एक तृतीयांश आहेत, मासे धरता येत नाहीत. बोट तिथून जाऊ शकते, पण गळ-दोरे आवरून ठेवलेले असावे लागतात. पिवळ्या पट्ट्यात माणशी एकच दोरी आणि तिला एकच गळ चालतो. फिकट आणि गडद निळ्या पट्ट्यांत माणशी तीन दोऱ्या आणि सगळ्या मिळून सहा गळ चालतात, आणि ल्युअरवर दोन तिहेरी गळ असले तरी ते एकच धरले जाते. गुलाबी पट्ट्यात तर परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही. भाड्याच्या बोटीवर ही जबाबदारी प्रामुख्याने कप्तानाची असते, तरीही नकाशा स्वतः पाहिलेला असावा असे माझे मत झाले, कारण पाण्यावर कुठेही रंग दिसत नाहीत आणि एकाच प्रवाळबेटाची एक बाजू निळी तर दुसरी हिरवी असू शकते. नकाशे फुकट मिळतात. ते घरच्या इंटरनेटवरच उतरवून ठेवावेत. क्वीन्सलँड सरकारच्या ‘क्यूएलडी फिशिंग २.०’ या अॅपमध्ये माशांची चित्रे, किमान-कमाल लांबी आणि बाळगण्याची मर्यादा पाहायला मिळते. मी त्यातली अपेक्षित माशांची पाने फोटो काढून वेगळी ठेवली होती आणि बोटीवर त्यांचा फार उपयोग झाला.

साहित्याबद्दल थोडक्यात. दोन तुकड्यांचे रॉड प्लास्टिकच्या जाड नळीत घालून सामानात दिले. गळ आणि ल्युअर हातातल्या बॅगेत ठेवू नयेत, विमानतळावर अडवतात. दोरी बुडवणारे शिसे घरून नेले नाही, कारण त्याचे वजन तिकिटाला महाग पडते आणि ते तिथे सहज मिळते. धरणासाठी तीस पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) वेणीची दोरी आणि पुढे साठ पौंडी लीडर, म्हणजे गळाजवळ जोडायचा भक्कम दोरीचा तुकडा, रीफसाठी साधारण दुप्पट. जिताड्याचे तोंड कानसासारखे खरखरीत असते आणि कल्ल्यांची कडा धारदार असते, त्यामुळे लीडर पातळ ठेवण्यात अर्थ नाही. भक्कम दोरी वापरण्याचे दुसरे कारण मला तिथल्या एका दुकानदाराने सांगितले आणि ते माझ्या मनात ठसले. बारीक दोरीवर मोठा मासा खेळवत राहिले की तो पूर्ण थकतो, आणि थकलेला मासा सोडला तरी जगेलच असे नाही, विशेषतः पाणी गरम असताना. त्यामुळे जो मासा सोडायचा आहे तो लवकर काठाशी यावा इतकी ताकद साहित्यात हवी.

आमिषासाठी साध्या गळाऐवजी सर्कल हुक घेतले. त्याचे टोक आत वळलेले असते, त्यामुळे माशाने आमिष गिळले तरी ओढताना गळ पोटात न रुतता बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात बसतो. मात्र त्यासाठी हात आवरावा लागतो. आपल्याकडे दोरीला हिसका बसला की आपणही उलट हिसका देतो. वडिलांबरोबर खाडीत गरवताना मीही तेच शिकले होते. सर्कल हुकवर हिसका दिला तर तो तोंडातून सरळ बाहेर येतो. दोरी ताणली जाऊ द्यायची आणि शांतपणे रीळ फिरवायला लागायचे, एवढेच करायचे असते. आमिषाच्या बाबतीत आणखी एक सूचना वारंवार वाचायला मिळते ती पाळावी: खाण्यासाठी म्हणून दुकानात मिळणारी कच्ची कोळंबी गळाला लावू नये, कारण परदेशातून आलेल्या कोळंबीतून रोग पाण्यात पसरू शकतो. आमिषाच्या दुकानातूनच घ्यावे. आम्ही तारली आणि माकूल घेतले.

केर्न्सला उतरल्यावर पहिले दोन दिवस वारा पंचवीस नॉटच्या वर होता. रीफची फेरी रद्द झाल्याचा निरोप आदल्या संध्याकाळी आला, तेव्हा निराशा झाली हे खरे, पण बदली दिवस लेखी ठरलेला असल्यामुळे घालमेल झाली नाही. आम्ही तसेच वर धरणाकडे निघालो. गॉर्डनव्हेलहून चढणाऱ्या गिलीज घाटात एकोणीस किलोमीटरमध्ये २६३ वळणे आहेत असे सांगतात. मी ती मोजली नाहीत, पण ज्यांना गाडी लागते त्यांनी घाटाआधी पोटभर खाऊ नये. माझ्या नवऱ्याला बोट आणि घाट दोन्ही लागतात, त्यामुळे गाडी त्यानेच चालवली, कारण चालवणाऱ्याला कमी त्रास होतो.

टिनारू धरण बॅरन नदीवर आहे आणि त्याचे बांधकाम १९५८ मध्ये पूर्ण झाले. तिथला बॅरामंडी म्हणजे आपला जिताडाच, दोन्हींची जात एकच. हा मासा गोड्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालायला त्याला खारे पाणी लागते, त्यामुळे धरणात अडकलेला जिताडा कधीच वीण करू शकत नाही आणि तिथला प्रत्येक जिताडा माणसाने पिल्लू म्हणून सोडलेला असतो. परवान्याचे पैसे कुठे जातात आणि वीण काळातली बंदी धरणाला का लागू नाही, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर यात आहे. खाडीतल्या जिताड्याची गोष्ट वेगळी आहे. तो आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे सर्वांत मोठे मासे ही अंडी देणारी मंडळी असतात. पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा, दोन्ही सोडावे लागतात आणि एका माणसाला पाचच बाळगता येतात. कमाल मर्यादेचा हेतू हे माहीत झाल्यावर आपोआप पटतो. आपल्याकडे सर्वांत मोठ्या जिताड्याला सर्वांत जास्त भाव येतो, हे तेव्हा आठवल्याशिवाय राहिले नाही.

पहिली संध्याकाळ आम्ही काठावरूनच काढली आणि ल्युअरला काहीही लागले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मार्गदर्शकाची बोट घेतली. संध्याकाळपासून पाच तासांचे दोघांचे मिळून साडेचारशे डॉलर झाले. नवख्या माणसाने एकदा तरी हा खर्च करावा असे मी म्हणेन, कारण एवढ्या मोठ्या जलाशयात मासे कुठे असतील हे काठावर उभे राहून कळत नाही. त्यांनी बोट ज्या बाजूला वारा थेट आदळत होता त्या टोकाकडे नेली. मला ते उलटे वाटले, कारण लाटांमुळे ल्युअर फेकायला तीच बाजू अवघड होती. पण दिवसभर उन्हाने तापलेले वरचे पाणी वारा त्या काठाकडे ढकलत नेतो, दोन अंशांचाही फरक जिताड्याला पुरतो आणि छोटे मासेही तिथेच गोळा होतात, असे त्यांनी सांगितले आणि तापमापकावर दाखवलेही.

ल्युअर दोन प्रकारचे वापरले: पुढे छोटी पट्टी असलेले, छोट्या माशाच्या आकाराचे कडक मिनो, जे ओढले की बुडी मारतात आणि थांबवले की पाण्यात अधांतरी राहतात, आणि मागे हलणारी शेपटी असलेले मऊ रबरी मासे. मिनो ओढताना खरा भाग थांबण्याचा असतो. दोन-तीन लहान हिसके द्यायचे आणि मग थांबायचे, आणि ते थांबणे आपल्याला नको वाटेल इतके लांब ठेवायचे. जिताडा पाठलाग करून चावत नाही, तो तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, आणि ते सहसा ल्युअर स्थिर असतानाच घडते. पाण्याखाली एक बद्द आवाज येतो आणि दोरी जड होते. मासा उडी मारायला लागला की रॉडचे टोक त्याच्याकडे झुकवावे, म्हणजे हवेत डोके झटकताना दोरी ताणलेली नसते आणि ल्युअर निखळण्याची शक्यता कमी होते. एरवी दोरी ढिली पडू द्यायची नाही आणि उडीच्या क्षणी मात्र द्यायची, हे हाताला कळायला वेळ लागतो. एक मासा माझ्या दोरीवरून असाच सुटला. अंधार पडल्यावर आणखी एक लागला आणि तो बोटीपर्यंत आला. लांबी नव्वद सेंटिमीटरच्या आसपास होती.

तो नियमाने ठेवता आला असता, पण आम्ही सोडायचे आधीच ठरवले होते. त्यातली पद्धत पाहण्यासारखी होती. जाळे गाठी नसलेल्या रबराचे होते, ज्यामुळे खवले आणि वरचा बुळबुळीत थर निघत नाही. मासा जाळ्यातच, पाण्यातच ठेवून पक्कडीने गळ काढले. उचलण्यापूर्वी हात आणि मोजपट्टी ओली केली. मोठा जिताडा ओठाला धरून उभा लटकवू नये, त्याच्या वजनाने जबड्याला आणि मणक्याला इजा होते, म्हणून एक हात ओठाशी आणि दुसरा पोटाखाली, असा तो आडवा धरायचा. फोटोसाठी कॅमेरा आधी तयार ठेवायचा आणि मग मासा उचलायचा. तो परत पाण्यात गेल्यावरही मार्गदर्शकांनी त्याला लगेच सोडले नाही, तोंड पुढे करून बोटीशेजारी धरून ठेवले आणि शेपटीने जोर लावून तो स्वतः निघेपर्यंत थांबले.

त्याच जलाशयात उलटा नियम असलेला एक मासाही आहे आणि तो आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावा. चिलापी, जी आपल्याकडे धरणांवर सर्रास विकली आणि खाल्ली जाते, ती तिथे उपद्रवी परदेशी मासा म्हणून घोषित आहे. गळाला लागली तर ती सोडता येत नाही, घरी नेता येत नाही, खाता येत नाही आणि आमिष म्हणूनही वापरता येत नाही. शक्य तितक्या लवकर आणि त्रास न देता मारून पुरावी लागते किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकावी लागते. मोझांबिक चिलापीची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे मेलेली मादी पाण्यात टाकली तरी आतली अंडी जगू शकतात. काठावर एका कुटुंबाच्या बादलीत मला दोन चिलापी दिसल्या. मी नियम सांगितला, त्यांना तो खरोखरच माहीत नव्हता आणि त्यांनी तो ऐकला. दंड मोठा असतो, तेव्हा संकोच न करता सांगावे.

चौथ्या दिवशी वारा उतरला आणि पहाटे आम्ही बंदरावर हजर झालो. बोट लागणाऱ्यांनी गोळी आदल्या रात्री एक आणि सकाळी एक अशी, औषधविक्रेत्याला विचारून घ्यावी. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी काही कामाची नसते. तिकिटाच्या पैशांखेरीज सागरी उद्यानाचे माणशी काही डॉलरचे शुल्क बोटीवरच घेतात, ते जाहिरातीतल्या दरात धरलेले आहे का हे आधी पाहावे. बाहेरच्या रीफपर्यंत पोहोचायला दोन तासांच्या वर लागले आणि नवरा जाता-येता बहुतेक वेळ मागच्या कडेला क्षितिजाकडे बघत उभा होता.

रीफवरची मासेमारी धरणाच्या अगदी उलट आहे. तीस-पस्तीस मीटर खोल तळाला शिसे टेकवायचे, वरच्या अंगाला आखूड फाट्यावर गळ, त्याला तारलीचा अर्धा तुकडा किंवा माकुलाची पट्टी. शिसे टेकताच दोरी दोन-तीन वळसे वर घ्यायची, नाहीतर ती प्रवाळात अडकते. मासा लागला की पहिल्या काही सेकंदांत त्याला तळापासून वर उचलावे लागते, कारण त्याला कपार माहीत असते आणि आपल्याला नसते. कोरल ट्राउट हा हेकरूच्या नात्यातला, लाल अंगावर निळे ठिपके असलेला मासा तिथे सर्वांत मानाचा. त्याची किमान लांबी ३८ सेंटिमीटर आणि सर्व कोरल ट्राउट मिळून माणशी सात ही मर्यादा. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात. माझा पहिला दोन सेंटिमीटरने कमी भरला. त्यांतल्या ‘ब्लूस्पॉट’ नावाच्या एका जातीला किमान ५० आणि कमाल ८० सेंटिमीटर असा वेगळाच नियम आहे, म्हणून नुसता रंग बघून भागत नाही. तांबोशीच्या घराण्यातला रेड एम्परर ५५ सेंटिमीटरखाली ठेवता येत नाही.

खरी कसोटी ओळखण्याची होती. मॅन्ग्रोव्ह जॅक, म्हणजे आपल्याकडची तांब, ठेवता येते. रेड बास अजिबात ठेवता येत नाही, आणि दोन्ही दिसायला बरीच सारखी. फरक डोळ्यापुढे आहे: रेड बासच्या डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत खोलगट खाच असते, तांबेला ती नसते. रेड बास, चायनामन फिश आणि पॅडलटेल या तिघांना हात न लावण्याचे कारण सिग्वाटेरा हे विष आहे. प्रवाळावरच्या शेवाळाबरोबर वाढणारे सूक्ष्मजीव ते तयार करतात, ते लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जाते, आणि ते ना शिजवून जाते ना गोठवून. बाधा झालेल्याला हातापायांना मुंग्या येतात आणि थंड वस्तू गरम लागते. विष डोके, यकृत आणि गाबोळीत जास्त असते. रीफच्या माशाच्या डोक्याचे कालवण आणि तळलेली गाबोळी हा मोह आपल्याला पडणे साहजिक आहे, पण तिथे तो टाळावा, फार मोठे मासे टाळावेत आणि एकाच माशाचे बरेचसे मांस एका बैठकीत खाऊ नये. हम्पहेड माओरी रास, बॅरामंडी कॉड (हा जिताडा नव्हे), पोटॅटो कॉड आणि क्वीन्सलँड ग्रोपर हेही पूर्ण संरक्षित आहेत.

तीस मीटरवरून वर आलेला मासा सोडणे हे धरणातल्यासारखे सोपे नाही. दाब कमी झाल्याने त्याची हवेची पिशवी फुगते, कधी जठर तोंडातून बाहेर येते आणि मासा पोट वर करून तरंगत राहतो. बोटीवर त्यासाठी वजनदार शिशाला उलटा लावलेला, काटा नसलेला गळ होता. तो माशाच्या ओठात हलकेच अडकवायचा, शिशासकट मासा खाली सोडायचा आणि खोल गेल्यावर दोरीला एक झटका दिला की मासा मोकळा होतो, कारण खाली दाब वाढल्यावर पिशवी आपोआप आकसते. खलाशाने हे पहिल्या वेळी करून दाखवले आणि नंतर माझ्याकडून करून घेतले. भाड्याची बोट निवडताना त्यांच्याकडे हे साधन आहे का, हा प्रश्न मी आता सर्वांत आधी विचारेन. दुपारी शार्क आले. दोन वेळा दोरीवर फक्त डोके वर आले आणि कप्तानाने लगेच नांगर उचलून जागा बदलली. त्या जागी थांबणे म्हणजे सोडलेले मासेही शार्कच्या तोंडी देणे आहे, असे ते म्हणाले.

ठेवायचे मासे लगेच मारून, रक्त काढून, बर्फ आणि समुद्राचे पाणी यांच्या मिश्रणात टाकले. आम्ही दोघांनी मिळून तीन ठेवले. बाळगण्याची मर्यादा दिवसाची नसते, घरच्या फ्रीजरमधले मासेही तीत धरले जातात, त्यामुळे दोन दिवसांच्या फेऱ्या करणाऱ्यांनी आदल्या दिवशीचा हिशेब लक्षात ठेवावा. सुरमईची मर्यादा जुलै २०२३ पासून माणशी एकच आहे.

परतण्याआधी एक सकाळ केर्न्सजवळच्या खाडीकाठी काढली, पण तिथे गळ टाकला नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा तो मुलूख आहे. तिथे काठापासून निदान पाच मीटर मागे राहावे, रोज त्याच जागी उभे राहू नये, मासे पाण्याकाठी साफ करू नयेत आणि अडकलेले ल्युअर सोडवायला पाण्यात मुळीच उतरू नये, मग ते कितीही महाग असो.

विमान, राहणे, गाडी, धरण आणि रीफ धरून दोघांचा खर्च अडीच हजार डॉलरच्या थोडा वर गेला. त्यात रॉड आणि रीळ आमचे स्वतःचे होते. काटकसर करायची तर मार्गदर्शक एकाच संध्याकाळी घ्यावा आणि रीफवर बोटीचेच साहित्य वापरावे, ते भाड्यात येते आणि बरे असते. पुढच्या वेळी फेब्रुवारीत, बंदी उठल्यावर, नदीत जिताड्यासाठी जायचा विचार आहे, मात्र तो पावसाळा असल्याने रस्ते बंद होण्याची शक्यता धरून परत करता येण्याजोगेच तिकीट काढावे लागेल.